अकरा पुरस्कार आणि तेवीस चुका

जयवंता कळंबे मॅडमनी नागपूरच्या थेटरात भर सिनेमात शिट्टी वाजवली, ही बातमी त्यांची गाडी पांढुर्णा स्टेशनात लागायच्या आधीच गावात पोहोचली होती.

शिट्टी म्हणजे दोन बोटं तोंडात घालून वाजवतात ती नव्हे. पंचाची, पितळी, काळ्या दोरीत ओवलेली. मॅडमनी बत्तीस वर्षं सौंसरच्या एका शाळेत मुलींना पी.टी. शिकवली आणि त्याच काळात तालुक्यातल्या झाडून सगळ्या कबड्डी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण शिट्टी पर्समध्ये तशीच होती. लग्नाच्या पंगतीत कोणी मधेच घुसलं की मॅडमचा हात पर्सकडे जायचा. एकदा तर वाजलीही होती, आणि वराचा मामा पानावरून उठून उभा राहिला होता.

त्यांचे यजमान दिलीपराव रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेले. माणूस गोड, फक्त रडका. प्रेशर कुकरच्या जाहिरातीत सून सासूला पहिली वाटी वाढते, तिथेही त्यांचा रुमाल निघायचा. ‘सांस मत तोड़ना’ हा सिनेमा नागपूरला लागला तेव्हा हट्ट त्यांचाच होता. ‘‘कबड्डीवर हाय जी मॅडम. तुमच्याच इषयावर.’’ घरातही ते बायकोला मॅडमच म्हणत.

सिनेमात एका गरीब मुलीला मरताना बाप सांगतो, की बेटी, सांस मत तोड़ना. मग ती देशाच्या संघात जाते आणि शेवटच्या चढाईत एकटी सातजणींना बाद करते. थेटर हुंदके देत होतं. मॅडम मात्र बोटांवर मोजत होत्या. पहिल्याच सामन्यात नायिकेच्या कानात झुमके होते. पुढच्यात एका बाजूला आठ खेळाडू. मैदान एका दृश्यात तेरा मीटर, दुसऱ्या दृश्यात त्यात बस वळवता आली असती. शेवटच्या चढाईत तर ती मधेच थांबली, आभाळाकडे बघून बापाशी चार वाक्यं बोलली आणि पुन्हा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला लागली. सिनेमाचं नाव श्वास तोडू नको, आणि हिने सिनेमाभरात सात वेळा दम तोडला! तीस सेकंदांची चढाई दोन मिनिटं चाळीस सेकंद चालली. तिथे मॅडमचा संयम संपला.

शिट्टी अशी कडक वाजली की दिवे लागले. बॅटरी घेऊन गेटकीपर आला. मॅडम खुर्चीतून उठून, डावा हात वर करून, पडद्याकडे बघून म्हणत होत्या, ‘‘रेडर बाद! दम तुटला!’’

दिलीपराव तोपर्यंत तीन रांगा मागे सरकले होते. तिथे एका अनोळखी कुटुंबाच्या शेजारी बसून ते शेवटपर्यंत रडले, आणि त्या कुटुंबाने त्यांना मक्याच्या लाह्याही दिल्या.

इथवर ठीक होतं. पण महिन्याभराने त्या सिनेमाला एका समारंभात अकरा पुरस्कार मिळाले. दिलीपराव टीव्हीसमोर बसून अकरा वेळा टाळ्या वाजवत होते.

‘‘अकरा?’’ मॅडम स्वयंपाकघरातून ओरडल्या. ‘‘अवो, टीममधी पोरीच सात असतात!’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुलस्केप कागद घेतले आणि सिनेमा काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला बसल्या. एकूण चुका तेवीस निघाल्या. प्रत्येक चुकीला क्रमांक, त्याखाली नियम, त्याखाली लाल शाईची रेघ. शेवटी लिहिलं, ‘तरी सदर पुरस्कारांचा फेरविचार व्हावा. आपली विश्वासू.’ दिलीपरावांनी पत्र टाकायला नेलं आणि वाटेत सगळ्या गावाला वाचून दाखवलं.

आता पांढुर्णा दोन हजार तेवीसमध्ये जिल्हा झाल्यापासून तिथल्या प्रत्येक मंडळाला आपण जिल्हास्तरीय असल्याची जाणीव झालेली आहे. अशाच एका मंडळाचा अध्यक्ष वीरेंद्र, सरकी-ढेपेचा दुकानदार. तो धावतच घरी आला. ‘‘मॅडम, आपण जिल्हास्तरीय चर्चा ठेवू. विषय, ‘सांस मत तोड़ना पुरस्कारास पात्र आहे काय?’ तुम्ही विरोधात बोला. बाजूनं बोलाले माणूस पाह्यतो.’’

‘‘पाहू नोको,’’ आतून दिलीपराव म्हणाले. ‘‘मी हावो ना.’’

त्या दिवसापासून घरात दोन गट पडले. जेवताना बोलणं फक्त मुद्द्यांवर. दिलीपराव वरण मागायच्या आधी ‘‘माझे प्रतिस्पर्धी’’ म्हणायला लागले.

आणि चर्चेला दहा दिवस उरले असताना मॅडमना एक फोन आला. बोलणारा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता, पण आवाज खचलेला.

‘‘मी पंकज. त्या सिनेमाचा कबड्डी सल्लागार होतो. शेवटी नावं धावतात त्यात एकशे चाळिसाव्या ओळीत माझं नाव आहे. तुमचं पत्र कंपनीने माझ्याकडे पाठवलं.’’

मॅडमनी चष्मा लावला. फोनवर बोलताना कशाला लागतो कोण जाणे. ‘‘बोला.’’

‘‘मॅडम, बावीस चुका कबूल. मी सेटवर बावीसही वेळा सांगितलं होतं. झुमके काढा म्हटलं तर म्हणाले, झुमके बापाची आठवण आहेत. शेवटी मला चहाच्या तंबूत बसवून ठेवायचे. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, जगात कोणीतरी आहे.’’ त्याने घसा खाकरला. ‘‘पण चौदावी चूक, चूक नाही.’’

‘‘काय?’’

‘‘तुम्ही लिहिलंय, समोर पाच खेळाडू असताना बोनसचा गुण दिला. बोनसला सहा लागतात, बरोबर. पण सहा आहेत. सहावी मुलगी प्रशिक्षकाच्या छत्रीमागे उभी आहे. नीट बघा, टाच दिसते.’’

सिनेमा तोवर मोबाइलवर आला होता. मॅडमनी दिलीपरावांचा फोन हिसकावला, ते दृश्य थांबवलं, बोटांनी मोठं केलं. एक. दोन. तीन. चार. पाच. आणि छत्रीच्या दांड्याजवळ, मातीवर टेकलेली, एक टाच.

मॅडम खाटेवर बसल्या. दिलीपरावांना वाटलं बीपी वाढलं. ते पाणी घेऊन आले.

‘‘एकच तर चुकली, मॅडम. तेविसात बावीस म्हणजे पहिल्या श्रेणीत पास.’’

‘‘तसं नाही जी,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मले रामाकोन्याची पोरगी आठवली.’’

दोन हजार नऊ साली सौंसरच्या मैदानावर मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता, पांढुर्णा विरुद्ध रामाकोना. पंच जयवंता मॅडम. गुण एकतीस-तीस, पांढुर्णा पुढे. शेवटची चढाई रामाकोन्याच्या दामिनीची. तिने बोनस रेषा ओलांडली, परत आली आणि बोनस मागितला. मॅडमनी पाच बोटं दाखवली, समोर पाचच आहेत, बोनस नाही. दामिनीने सहा बोटं दाखवली. मॅडमनी पुन्हा पाच दाखवली. असं चार वेळा झालं. मग लांब शिट्टी वाजली, पांढुर्णा जिंकलं आणि मॅडम घरी येऊन निवांत झोपल्या. सोळा वर्षं निवांत झोपत होत्या.

‘‘आणि तिथंही एखादी टाच असली तं?’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या बसने सौंसरला उतरल्या, तिथून छिंदवाड्याची बस पकडून रामाकोन्याला. दामिनीचं सासरही गावातच, माहेरापासून चार घरं टाकून. मृगाच्या बहराचा संत्रा उतरला होता. झाडाखाली ढीग घालून दामिनी आणि तिची धाकटी जाऊ विजया लहान-मोठी फळं वेगळी करत बसल्या होत्या. मॅडमना बघून दामिनी ताडकन उभी झाली. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, पण पाठ एकदम ताठ, पी.टी.च्या तासाला असते तशी.

‘‘मॅडम? तुमी? कोणी गेलं काय?’’

‘‘कोणी गेलं नाही. मी तुही माफी मागाले आली.’’

मॅडमनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सिनेमा, छत्री, टाच, बोनस. विजया तोंड उघडं ठेवून ऐकत होती. दामिनीच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करत होती.

‘‘मॅडम, बोनसचं मले काई याद नाही,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘पण त्या दिवशी माही चप्पल चोरीले गेली होती. नवीकोरी, निळ्या पट्ट्याची. तिथून अनवाणी आली मी बसमधी. ते मी मरेपर्यंत इसरत नाही.’’

‘‘तू तं सहा बोटं दाखवत होती ना?’’

‘‘दाखवली असन. हरून राह्यलो होतो ना आमी, काहीतरी दाखवाच लागते.’’

मॅडमना हे फारच लागलं. ज्या अन्यायाने आपली झोप उडाली, तो जिच्यावर झाला तिच्या गावीही नव्हता. पण त्या मागे हटणाऱ्या बाई नव्हत्या. पोटात दोन ग्लास मठ्ठा आणि पिशवीत संत्री घेऊन त्या संध्याकाळच्या आत पांढुर्ण्याला परतल्या आणि थेट चंचलच्या ब्यूटी पार्लरमध्ये घुसल्या. चंचल म्हणजे त्या सामन्यातली पांढुर्ण्याची कर्णधार. ती एका नवरीच्या तोंडाला हळदीचा लेप लावत होती.

‘‘चंचल, खरं सांग. दोन हजार नऊ. शेवटची रेड. तुमी पोरी किती होत्या मैदानात?’’

चंचलचा हात नवरीच्या गालावरच थांबला. ‘‘मॅडम, आता कायले काढता ते?’’

‘‘किती?’’

‘‘सहा,’’ चंचल हळूच म्हणाली. ‘‘मी मागं वाकून सलवारची नाडी बांधून राह्यली होती. ऐन वेळी सुटली. तुमच्या अन माह्या मधात आमची ते जाडी सुशीला उभी होती. तुमी पाच म्हटलं, मी म्हटलं बरं हाय. उभी झाली असती तं नाडी गेली असती, नाही झाली तं मॅच भेटली.’’

‘‘अन चप्पल?’’

‘‘कोणती चप्पल?’’

‘‘निळ्या पट्ट्याची.’’

नवरीने एक डोळा उघडला.

‘‘घाईत पायात गेली, मॅडम,’’ चंचल म्हणाली. ‘‘मले दोन नंबर मोठी होत होती. काई उपयोग झाला नाही तिचा.’’

मॅडम वीरेंद्रकडे गेल्या आणि म्हणाल्या, की चर्चेच्या दिवशी मला पाच मिनिटं जास्त पाहिजेत, एक गुण दुरुस्त करायचा आहे. एकतीस-तीसचं एकतीस-एकतीस करायचं आहे. वीरेंद्र सरकी विकत असला तरी त्याला गर्दी कुठे असते ते नाकाने कळायचं.

‘‘मॅडम, बरोबरी झाली तं निकाल कसा लागते?’’

‘‘पाच-पाच चढाया. कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजायचे.’’

दुसऱ्या दिवशी गावभर पत्रकं वाटली गेली, ‘सोळा वर्षांनंतर न्याय! जिल्हास्तरीय टाय-ब्रेकर! आधी चर्चा.’

रविवारी दुपारी चारला मंडळाच्या मैदानावर सतरंज्या भरल्या. रामाकोन्याच्या मुली, म्हणजे आता कोणाच्या आई, कोणाच्या मामी, एका टेम्पोतून आल्या. त्यांच्यातली एक पुण्याला असल्याने सातवी कमी पडत होती, म्हणून दामिनीने जाऊ विजयाला आणलं होतं. विजयाने जन्मात कबड्डी खेळली नव्हती. ती टेम्पोतून उतरतानाच म्हणत होती, ‘‘मी फक्त उभी राहीन हो, वहिनी. तुमी म्हटलं तशी फक्त उभी.’’

आधी चर्चा. दिलीपराव बाजूने बोलायला उठले. रुमाल हातातच होता.

‘‘मंडळी, मॅडम म्हणतात कबड्डी चुकीची हाय. असन. मले कबड्डी समजत नाही. पस्तीस वर्षं तिच्यासंगं संसार केला, तरी समजली नाही.’’ टाळ्या पडल्या. ‘‘पण त्या सिनेमात पोरगी पहिली मॅच हरून घरी येते ना, तेव्हा माय काई इचारत नाही. फक्त तिच्या बुटातली माती काढते अन बूट ओसरीवर उलटे ठेवते. बस. मी तिथं रडलो. जिथं जिंकली तिथं नाही. बूट खरे होते, मंडळी. त्या बुटाले एक पुरस्कार भेटाले काय हरकत हाय?’’ रुमाल डोळ्यांना लावून ते खाली बसले.

मॅडम उठल्या. हातात तेवीस चुकांचे कागद होते. त्यांनी ते उघडले आणि पहिल्याच पानावर नजर खिळली. बूट त्यांच्या लक्षातच आले नव्हते. त्या वेळी त्या प्रेक्षकांतल्या ध्वजाचे खांब मोजत होत्या.

‘‘चुका तेवीस नाही, बावीस आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सिनेमातली कबड्डी खोटी आहे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. दम तुटला की तुटला, मग बाप आभाळात असो की ओसरीवर. पण पुरस्कार कबड्डीले भेटले नाहीत, सिनेमाले भेटले. बुटाचा एक मले मंजूर. बाकी दहांवर मी अजून अभ्यास करून राह्यली. आता विषय दुसरा.’’ आणि त्यांनी पाच वाक्यांत स्वतःची चूक सगळ्या गावासमोर सांगितली. नाडीचा उल्लेख त्यांनी ‘तांत्रिक कारण’ असा केला. चंचलने मान खाली घातली. मग ती उठली आणि पिशवीतून निळ्या पट्ट्याच्या नव्या चपलांचा जोड काढून दामिनीच्या पायाशी ठेवला. दामिनीने तिथेच घालून पाहिल्या.

‘‘एक नंबर लहान आणली व तुनं,’’ ती म्हणाली, पण काढल्या नाहीत. मॅडमनी शिट्टी वाजवली तेव्हा काढल्या.

दागिने चालत नाहीत, म्हणून चौदा बायकांच्या बांगड्या, कानातलं, पैंजण एका परातीत जमा झालं आणि परात मांडीवर घेऊन दिलीपराव खुर्चीत बसले. रामाकोन्याची पहिली चढाई, मग पांढुर्ण्याची. पहिल्या दोन चढायांत सगळ्यांचा दम अर्ध्यातच संपला. तिसऱ्यापासून पाय उघडले. सुशीलाने एकीला उचलून थेट वीरेंद्रच्या माइकपाशी ठेवलं. चार-चार चढाया झाल्या तेव्हा गुण तीन-तीन होते. पाचव्या चढाईत दामिनी गेली, एकीच्या खांद्याला बोट लावून आली. रामाकोना चार.

शेवटची चढाई चंचलची. दोघींना बाद केलं की पांढुर्णा जिंकणार. मॅडम चढाईआधी मैदानाला फेरी मारून आल्या आणि त्यांनी प्रत्येकीच्या डोक्याकडे बोट दाखवून मोठ्याने मोजलं. ‘‘सात!’’

चंचल सुटली. उजवीकडे हूल, डावीकडे हूल, एकीला पाय लागला, गावाने आरोळी ठोकली. परत फिरताना तिच्या वाटेत विजया आली. विजया तोवर सांगितल्याप्रमाणे फक्त उभी होती. चंचल अंगावर येताना बघून तिने डोळे मिटले, ‘‘अगं माय!’’ म्हणून किंचाळली आणि मटकन खाली बसली. चंचल तिला अडखळून पलीकडे पडली, विजया घाबरून तिच्या पाठीवर बसली, आणि पाठोपाठ दामिनीसकट तिघी-चौघी वरून पडल्या. ढिगाखालून ‘कबड्डी कबड्डी’ दोनदा ऐकू आलं. मग नाही आलं.

‘‘पकड!’’ मॅडमनी हात वर केला.

‘‘हे पकड नाही!’’ चंचल ढिगाखालूनच ओरडली. ‘‘ते खेळली कुठं? ते तं बसली!’’

पांढुर्णेकर उभे झाले. टेम्पोवाला उभा झाला. दिलीपराव उठायला गेले आणि परात सांडली. मॅडमनी पर्समधून नियमांचं पुस्तक काढलं आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून वाचायला लागल्या. पहिल्या पानापासून. लोक परत सतरंज्यांवर बसले. मॅडम ओठ हलवत वाचत होत्या, पान उलटताना बोटाला थुंकी लावत होत्या. केस ओढू नये. कपडे धरू नये. तोंड दाबू नये. वीस मिनिटं झाली. विजया अजून तिथेच बसली होती, उठलं तर गुण जाईल या भीतीने.

मॅडमनी पुस्तक मिटलं. ‘‘बसू नये असं कुठंच लिवलेलं नाही. पकड मंजूर. रामाकोना विजयी!’’

मग जो गोंधळ झाला त्यात चढाई कुठली आणि मिठी कुठली हे पंचालाही सांगता आलं नसतं. दामिनी आणि चंचल एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. चंचल हसता हसता ‘‘चीटर’’ म्हणत होती. बांगड्या सापडेपर्यंत अंधार पडायला आला, आणि तीन बायका दुसऱ्याच कोणाची तरी पैंजणं घालून घरी गेल्या.

विजया मात्र टेम्पोत बसायला तयार नव्हती. ती मॅडमपाशी आली. ‘‘मॅडम, मले काहीतरी लिवून द्या. घरी कोणाले पटणार नाही.’’

मॅडमनी फुलस्केप कागद काढला. दिलीपरावांच्या पाठीवर ठेवून लिहिलं, ‘सौ. विजया यांनी जिल्हास्तरीय सामन्यात उत्कृष्ट पकड केली, सबब प्रमाणपत्र देण्यात येत आहे.’ खाली सही, तारीख आणि कंसात ‘निवृत्त’. विजयाने तो कागद पदरात गुंडाळून नेला. आता तो रामाकोन्याच्या त्या घरात काचेच्या चौकटीत टांगलेला आहे. पाहुणे आले की विजया तो दाखवते, आणि कोणी विचारलंच की पकड केली तरी कशी, तर ओसरीवरच मटकन बसून दाखवते.